टीएसएच अजून ०.०१, तरी गोळी निम्मी?

थायरॉइडचा रिपोर्ट एकच, मतं दोन. त्यात टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, ०.०१. फॅमिली डॉक्टर म्हणतात, "टीएसएच अजून तळालाच आहे, गोळी वाढवू." एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनचे तज्ज्ञ) तोच कागद बघून गोळी निम्मी करतात. ग्रेव्ह्ज रोगात थायरॉइड जास्त काम करत असतो. त्याला आवरणारी गोळी, कार्बिमॅझोल, सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत हा गोंधळ हमखास होतो, आणि बहुतेक वेळा गोळी निम्मी करणाराच बरोबर असतो.

कारण टीएसएच मागे राहतो. अंगात महिनोन्महिने हार्मोनचा पूर आल्यामुळे मेंदूतल्या पिट्युटरीने टीएसएच बनवणं जवळजवळ बंदच केलेलं असतं. गोळीने टी४ आणि टी३ (थायरॉइडची स्वतःची हार्मोन्स) जागेवर आले तरी ती ग्रंथी लगेच जागी होत नाही. तिला कित्येक आठवडे लागतात, काहींना महिनेही. म्हणून सुरुवातीच्या काळात डोस ठरवायचा तो फ्री टी४ (रक्तात मोकळा फिरणारा टी४) आणि टी३ बघून. टीएसएचकडे लक्ष ठेवायचं, पण त्याच्या तालावर नाचायचं नाही.

समजा सुरुवातीला फ्री टी४ आहे ३.४ (लॅबची मर्यादा ०.९ ते १.७), टीएसएच ०.०१ पेक्षा कमी, नाडी १०८. कार्बिमॅझोल ३० मिग्रॅ सुरू झालं. सहा आठवड्यांनी फ्री टी४ १.०, टी३ मर्यादेत, टीएसएच तसाच ०.०१, नाडी ७६. फक्त टीएसएचची ओळ वाचली तर वाटतं, औषध लागूच पडलं नाही. खरं तर टी४ सहा आठवड्यांत ३.४ वरून १.० वर आलाय आणि तो अजून खाली चाललाय. इथे ३० तसंच ठेवलं तर पुढच्या महिना-दीड महिन्यात पेशंट उलट्या बाजूला जाऊन पडतो: चेहरा सुजल्यासारखा, वजन भराभर वर, थंडी वाजणं, पायात गोळे. गळ्याची गाठ मोठी होऊ शकते आणि डोळ्यांचा त्रास असेल तर तोही वाढू शकतो. म्हणून या टप्प्याला डोस साधारण ३० ते ५० टक्क्यांनी उतरवतात, म्हणजे इथे १५ किंवा २० मिग्रॅ. मग चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी. बहुतेकांचा मुक्काम शेवटी ५ ते १० मिग्रॅवर असतो.

याला एक मोठा अपवाद आहे. काहींचा टी४ आटोक्यात येतो, पण टी३ चढाच राहतो. लॅबला फक्त टी४ आणि टीएसएच सांगितलेलं असलं तर हे दिसतच नाही, आणि घाम, हातांची थरथर, धडधड चालू असतानाही डोस कमी केला जातो. त्यामुळे टी३ चा आकडा समोर नसताना झालेल्या डोसच्या वादाला अर्थ नाही. एकट्या नाडीवरही भरवसा नको. धडधड कमी करणारं प्रोप्रॅनोलोल चालू असेल तर ती मुळातच दाबलेली असते. (हे औषध दमेकऱ्यांना चालत नाही आणि एकदम तोडायचं नसतं.)

दोन डॉक्टरांचं मुळातूनच जमत नसेल, एक कार्बिमॅझोल द्या म्हणतो आणि दुसरा नको म्हणतो, तर भांडण डोसचं नसून निदानाचं असतं. थायरॉइडायटिसमध्ये, म्हणजे थायरॉइडला सूज आल्यावर, ग्रंथी जास्त हार्मोन बनवत नाही, साठवलेलं सांडत असते. कार्बिमॅझोल नवीन हार्मोन बनणं रोखतं. सांडलेलं परत भरता येत नाही. तिथे ते देऊन उपयोग नाही. टीआरएबी ही ग्रेव्ह्जच्या अँटिबॉडीजची रक्ततपासणी किंवा टेक्निशियम स्कॅन याचा निकाल लावते. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत तर हा प्रश्न आधी विचारावा. स्तनपान चालू असेल तर स्कॅनआधी तसं सांगायचं.

केसगळतीसाठी बायोटिनच्या गोळ्या घेता का, हेही कुणीतरी विचारायला हवं. कित्येक लॅबच्या यंत्रांत बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी आणि टी४, टी३ खोटे जास्त येतात. म्हणजे चांगल्या माणसालाही हायपर (थायरॉइड जास्त) असल्यासारखा रिपोर्ट. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस त्या बंद हव्यात. डोस फार मोठा असेल तर त्याहून जास्त. तपासणी शक्यतो एकाच लॅबमध्ये करा, कारण लॅब बदलली की मर्यादाही बदलतात.

घरचे सल्ले वेगळेच. "थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी घ्यायची असते ना?" ती थायरॉक्सिनची. कार्बिमॅझोल जेवणाआधी-नंतर कधीही चालतं, फक्त रोज साधारण एकाच वेळी घ्या. आपल्याकडे थायरॉइड म्हटलं की समोरच्याच्या डोक्यात हायपोच (थायरॉइड कमी) येतो, म्हणून शेजारच्या काकूंची पट्टी उसनी घेणं इथे नुकसानच करतं. एखाद्याच्या चिठ्ठीवर मात्र कार्बिमॅझोल आणि थायरॉक्सिन दोन्ही दिसली तर ती चूकच असेल असं नाही. मोठ्या डोसने ग्रंथी पूर्ण बंद करून वरून हार्मोन द्यायचं, अशी एक पद्धत आहे. गरोदरपणात ती वापरत नाहीत, कारण कार्बिमॅझोल बाळापर्यंत सहज पोचतं, थायरॉक्सिन त्यामानाने कमी. दिवस जाण्याचा विचार असेल तर गोळी बदलायची की नाही हे आधीच विचारून ठेवा, मनाने बंद करू नका.

दुसरं मत घ्यायला जाताना फाईलचा गठ्ठा नेण्यापेक्षा एक कागद न्या. तारीख, त्या दिवशीचा डोस, फ्री टी४, टी३, टीएसएच, नाडी, वजन, आणि मर्यादा त्या-त्या लॅबच्या. डोस कधी बदलला आणि त्यानंतर किती दिवसांनी रक्त दिलं, हे दिसलं की अर्धे मतभेद तिथेच मिटतात. दहा दिवसांपूर्वी बदललेल्या डोसवर कुणी मत देत असेल तर तेही लगेच कळतं.

एका बाबतीत मात्र दोन मतांची वाट बघायची नाही. गोळी चालू असताना ताप, घसा दुखणं किंवा तोंडात फोड आले, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, तर त्याच दिवशी गोळी थांबवून डिफरन्शियलसह सीबीसी (रक्तपेशींची, पांढऱ्यांच्या प्रकारांसह मोजणी) करायचा. क्वचित पांढऱ्या पेशी कोसळतात, आणि केमिस्टकडून अँटिबायोटिक आणून चार दिवस काढले तर जिवावर बेतू शकतं. कावीळ किंवा पोटात जबर दुखणं हेही थांबण्याचंच कारण. पेशी नॉर्मल आल्या तर गोळी पुन्हा कधी सुरू करायची ते डॉक्टर सांगतील. पेशी खरंच पडल्या असतील तर कार्बिमॅझोल पुन्हा कधीच घ्यायचं नाही, त्याच कामाच्या दुसऱ्या गोळ्या, मेथिमॅझोल आणि पीटीयू, त्याही नाहीत. हे फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवा.