जानेवारीतला सूर्य, गच्चीवरून

४ जानेवारी, पुणे. सकाळी धुकट, आठनंतर निरभ्र.

पृथ्वी सध्या सूर्याच्या सर्वांत जवळ आहे. बिंब साधारण ३२.५ कलांचं (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), जुलैच्या सुरुवातीला तेच ३१.५ कलांवर येतं. ९०० मिमी फोकल लेंग्थच्या दुर्बिणीतून सेन्सरवर पडणारी प्रतिमा आज ८.५ मिमी, जुलैत ८.२ मिमी. फरक इवलासा, पण दोन्ही फोटो मधोमध कापून अर्धे अर्धे शेजारी लावले की पायरी स्पष्ट दिसते. म्हणून या आठवड्यात एक अखंड बिंब टिपून ठेवायचंच. जुलैचा जोडीदार पावसाळ्यात मिळणं अवघड. जूनच्या शेवटी ढगांना फट पडेल तेव्हा साधायचं.

दुर्बिणीच्या तोंडावर सूर्यासाठीच्या खास फिल्मचा फिल्टर लावण्याआधी रोजची तपासणी. फिल्म बल्बसमोर धरून टाचणीएवढी भोकं शोधायची. एखादा बारीक ठिपका काळ्या मार्करने बुजवता येतो. ओरखडा किंवा चीर असेल तर फिल्म सरळ टाकून द्यायची. ती पुठ्ठ्याच्या दोन कड्यांमध्ये सैलच बसवायची. सुरकुत्या दिसायला वाईट, पण प्रतिमेला त्यांचा त्रास नाही. ताणून गुळगुळीत केलेली फिल्म मात्र प्रतिमा बिघडवते. कडं नळीच्या तोंडावर घट्ट बसलं तरी चार बाजूंनी चिकटपट्टी हवीच, गच्चीवरच्या वाऱ्याचा नेम नाही. फाइंडर, म्हणजे नेम धरायची छोटी दुर्बीण, काढून ठेवायचा. सूर्य शोधायला नळीची सावली पुरते: ती आखडून सर्वांत लहान झाली की बिंब चौकटीत आलंच. जुन्या दुर्बिणींसोबत आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, फिरवून बसवायची काळी काच येत असे. ती कोणाकडे दिसली तर फोडून टाका. सगळी उष्णता तिथेच एकवटते आणि काच डोळ्यासमोर तडकते.

फिल्म दोन घनतांची मिळते, आकडा मोठा तितका प्रकाश कमी. ५.० ची डोळ्यांनी पाहायला चालते. ३.८ ची सोळा पट जास्त प्रकाश सोडते, ती फक्त कॅमेऱ्यासाठी. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरला डोळा लावणं म्हणजे दुर्बिणीतूनच पाहणं, हे विसरायला होतं, ३.८ लावल्यावर त्यावर पट्टी चिकटवलेली बरी. एफ/११ ला, आयएसओ १०० वर ५.० च्या फिल्ममधून १/२०० सेकंदाच्या आसपास शटर बसतं. आयएसओ ४०० केला तर १/८००. थोडा दाणेदारपणा पत्करून वेगवान शटर घ्यावं, कारण खरी भांडणं हवेशी आहेत.

आज नऊच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून २४ अंशांवर. याच्या आधी हवेचा थर फार जाड, दहानंतर स्लॅब तापतो आणि बिंबाची कड उकळत्या दुधासारखी हलू लागते. कामाचा तास एवढाच. पूर्वेला पत्र्याची शेड किंवा डांबरी रस्ता असेल तर तेवढाही मिळत नाही. हिरवळ किंवा पाणी असेल तर चांदी. उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावात बांधली ती याचसाठी. काळी नळी उन्हात तापते आणि आतलीच हवा घुसळते, तिच्यावर पांढरं सुती कापड टाकून ठेवायचं.

फोकस सूर्याच्या कडेवर करू नये, ती सतत थरथरत असते. सौरडागाचा काळा गाभा आणि भोवतालची करडी झालर यांच्यामधली रेष लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर, दहापट मोठी करून घ्यायची. डोक्यावर काळं कापड घेतल्याशिवाय स्क्रीन दिसत नाही. शेजारी हसतात, हसू द्यावं. रेष क्षणभर करकरीत होते, पुन्हा विरघळते. जिथे ते करकरीत क्षण सर्वांत जास्त येतात तो फोकस. नळी तापत जाते तसा तो सरकतो, म्हणून दर दहा मिनिटांनी पुन्हा बघायचं.

बिंबावर एखादा गोल, फिका, झालर नसलेला ठिपका दिसला की हुरळून जाऊ नये. सूर्य चौकटीत जरा सरकवावा. ठिपका सूर्यासोबत गेला तर डाग, जागीच राहिला तर सेन्सरवरची धूळ.

एका फोटोवर भागत नाही. दोन सेकंदांचा टायमर लावून, आरसा आधीच वर करून ७०-८० रॉ फोटो. व्हिडिओ कॅमेरा असेल तर हिरव्या फिल्टरमधून हजारभर फ्रेम. ऑटोस्टॅकर्ट या सॉफ्टवेअरमध्ये त्यांतल्या उत्तम दहा-पंधरा टक्केच ठेवून एकावर एक रचायच्या. नंतर धार लावताना हात आखडता घ्यावा. ८० मिमी भिंगाला दिसणाऱ्या बारकाव्याची मर्यादा दीड विकलेच्या (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) आसपास, आणि सौरपृष्ठावरचे दाणेही तेवढेच. त्यामुळे भातासारखे ठसठशीत दाणे दिसू लागले तर त्यांतले बरेच सॉफ्टवेअरने शिजवलेले असतात. कडेभोवती पांढरी रेघ उमटली म्हणजे तर नक्कीच हात जड पडला. बिंब मध्यभागी उजळ आणि कडेला मंद असतं, ते तसंच राहू द्यावं. पिवळा रंग भरायचा तर भरा, पण खाली तसं लिहा. या फिल्टरमधून सूर्य पांढराच येतो.

वेळ आणि दिशा लिहिली नाही तर फोटो शोभेचा. कोडाईकनालच्या सौर वेधशाळेत १९०४ पासून सूर्याचे फोटो नोंदीसकट जपले आहेत, म्हणूनच ते आजही अभ्यासाला येतात. (पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेची उपकरणंही १९१२ मध्ये तिकडेच गेली.) घड्याळातून साडेपाच तास वजा करून जागतिक वेळ लिहायची. दिशेसाठी माउंटची (दुर्बिणीला सूर्यामागे फिरवणाऱ्या बैठकीची) मोटर बंद करून मिनिटाच्या अंतराने दोन फोटो घ्यायचे: बिंब सरकतं ती पश्चिम. आजच्या तारखेला स्वतःच्या रुंदीएवढं सरकायला त्याला सव्वादोन मिनिटांहून थोडं जास्त लागतं. मोटर पुन्हा सुरू करायला विसरू नये.