रेड लाइट बँडिट, मराठी सबटायटल्स: ते दोन निवेदक अखेर आवरले!!

तीन आठवडे गायब होतो कारण ब्राझीलच्या रोजेरिओ स्गांझेर्लाच्या या १९६८ च्या पिक्चरमधल्या त्या दोन निवेदकांनी जीव खाल्ला. पिक्चर पाहिलेल्यांना माहितीये, एक बुवा एक बाई, रेडिओवरच्या सनसनाटी बातम्यांच्या थाटात आळीपाळीने सुसाट सुटतात, श्वास घ्यायला जागा नाही. आधी बुवा वर, बाई खाली असं केलं तर मान दुखायला लागली. मग रंग दिले, पण ब्लॅक अँड व्हाइट पिक्चरवर पिवळं-निळं म्हणजे गणपतीची लायटिंग, लगेच काढलं.

त्यात सबटायटलचं टूल जवळपास प्रत्येक ओळ लाल दाखवायचं, वाचायला वेळ कमी म्हणून, आणि मी गाढवासारखा चांगली वाक्यं कापत बसलो. परवा रात्री दीड वाजता ट्यूब पेटली: ते काना, मात्रा, हलन्त सगळं वेगवेगळं मोजतंय! 'स्त्री' म्हणजे सहा अक्षरं!! इंग्रजीची मर्यादा मराठीला लावली की हेच होणार. मर्यादा वाढवली, अर्धा लाल रंग गेला. उरलेल्यात क्रियापदं उडवली, 'पोलिसांना तो अजून सापडलेला नाही' कशाला, 'पोलीस हैराण, चोर पसार', सांजदैनिकाचा मथळाच. बुवा-बाईला रंग नको काही नको, फक्त ओळीआधी डॅश. वाचताना आपोआप लय लागते राव, दोनदा परत लावून बघितलं, उगाच.

'बोका दो लिशो' मात्र तसंच ठेवणार. साओ पाउलोच्या त्या वस्तीचं 'कचऱ्याचं तोंड' केलं की सगळं मेलं. स्टेशन जवळ, प्रिंट रेल्वेने पाठवायला सोप्या, म्हणून वितरकांची ऑफिसं तिथे आणि मग स्गांझेर्लासारखे 'सिनेमा मार्जिनल'वाले, म्हणजे कमी पैशात चौकटीबाहेरचे पिक्चर काढणारे लोकही तिथेच.

एका डीलरकडून घेतलेली 'रिस्टोर्ड' कॉपी सेकंदाला २५ फ्रेम्सची निघाली, माझं टायमिंग २३.९७६ वर. दीड तासात जवळपास ४ मिनिटांची बोंब. सबटायटल एडिटने दोन क्लिकात सरळ केलं, फुकट टूल आहे, वापरा.

पुढे स्गांझेर्लाचाच 'आ मुल्येर दे तोदोस' (१९६९) करणार होतो. पण हे टाइप करतानाच वाटतंय की थेट १९७० च्या बेलाएरवर जावं. बेलाएर म्हणजे दिग्दर्शक ब्रेसानी, नटी हेलेना इग्नेझ आणि स्गांझेर्ला यांची फिल्म कंपनी, काही महिन्यांत पिक्चरमागून पिक्चर काढले आणि मग ब्राझीलमधल्या लष्करी हुकूमशाहीमुळे देश सोडावा लागला. त्यातल्या 'सें एसा, अरान्या'त लांबच लांब शॉट्स आहेत, म्हणजे कटवर टायमिंग जुळवायची कटकट कमी. नाहीतर स्गांझेर्लाचे ते अमेरिकन दिग्दर्शक ऑर्सन वेल्सवरचे पिक्चर घ्यावेत? १९४२ मध्ये वेल्स ब्राझीलला आला, त्याचा पिक्चर अर्धवट राहिला, आणि आपला स्गांझेर्ला त्याच विषयावर १९८६ पासून २००३ पर्यंत पिक्चर काढत राहिला, २००४ मध्ये गेला. एकवीस-बावीसचा असताना 'बँडिट' काढणारा माणूस!

गोव्यातल्या कोणाच्या घरी पोर्तुगीज बोलणारी आजी असेल तर सांगा, शिव्यांच्या सहा ओळी अडल्यात. आजीला काय सांगून विचारायचं ते तुम्ही बघा.