बॅग पिळेचना

भूलशास्त्रातल्या एमडीच्या दुसऱ्या वर्षी माझी पोस्टिंग हृदयशस्त्रक्रियेच्या थिएटरमध्ये होती. बायपासला आलेले साठीचे एक काका. श्वासनलिकेत ट्यूब घालताना नाडी आणि रक्तदाब उसळू नयेत म्हणून अशा केसला फेंटॅनिल हे जोरकस वेदनाशामक सढळ देतात. ऑक्सिजन देत मी त्यांच्याशी उसाबद्दल बोलत होते, आणि फेंटॅनिल घाईने ढकललं. ते माझं चुकलं. मागोमाग इटोमिडेट हे झोपेचं औषध दिलं, काका झोपले.

मास्क धरून श्वास द्यायची बॅग दाबली, तर ती दबेचना. हनुवटी उचलली, जीभ मागे पडू नये म्हणून तोंडात एअरवे घातला, तरी बॅग टम्म. छाती हलत नव्हती, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या कॅप्नोग्राफवर सरळ रेघ. रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन 100 वरून 91 वर. आम्हाला पढवलेलं होतं, मास्कने श्वास देता येतोय हे पाहिल्याशिवाय रिलॅक्संट, म्हणजे स्नायू सैल करणारं औषध, द्यायचं नाही. म्हणून मी जोर लावत राहिले. अशाने हवा पोटात जाते, हे त्या क्षणी सुचलंच नाही.

"पिळू नकोस. स्कोलिन दे," माझ्या सीनियर मॅडम म्हणाल्या. स्कोलिन हे झटपट काम करणारं रिलॅक्संट.

मिनिटभरही लागलं नसेल. गालांवर, मग खांद्यांवर बारीक थरथर गेली आणि हातातली बॅग एकदम मऊ पडली. छाती वर आली. ती पहिली उचल मला अजून दिसते.

केस संपल्यावर मॅडमनी समजावलं. फेंटॅनिल घाईने दिलं की स्नायू ताठरतात. हा परिणाम स्नायूवर थेट होत नाही, मेंदूतून होतो. छाती ताठरते हे खरं, पण वाट अडते ती मुख्यतः घशात. 1997 साली सुफेंटॅनिल दिलेल्या पेशंटच्या घशात दुर्बीण घालून पाहिलं, तेव्हा स्वरतंतू मिटलेले दिसले होते. मिटलेल्या दारावर कितीही जोर लावला तरी काय होणार? तिथे रिलॅक्संट हाच उपाय.

पण वेळ साधावी लागते. व्हेक्युरोनियम या रिलॅक्संटला साधारण तीन मिनिटं लागतात, रोक्युरोनियम किलोला 1.2 मिलिग्रॅम दिलं तर मिनिटभर. उशीर केला तर ताठरपणा आधी गाठतो. फार लवकर दिलं तर पेशंट शुद्धीत असतानाच अंग लुळं पडतं, त्याला श्वास घेता येत नाही आणि सांगताही येत नाही. मला याचीच जास्त भीती वाटते.

दुसऱ्या दिवशीच्या केसला रोक्युरोनियमची सिरिंज आधीच सलाईनच्या नळीवरच्या थ्री-वे तोटीला लावून ठेवली. फेंटॅनिल घड्याळाकडे बघत थोडं थोडं दिलं. त्या पेशंट मावशींना म्हटलं, "खोकला येईल, घाबरू नका." झोप लागली का ते पापणीला बोट लावून पाहिलं, हलली नाही. लगेच रोक्युरोनियम दिलं.