अर्धी गोळी

आज सकाळी पलंगाखालचा केर काढताना अर्धी गोळी निघाली. फिकट पिवळी, एक केस चिकटलेला, तुटलेली बाजू भुरभुरीत. सिक्स एमपीच, लेकाच्या रक्ताच्या कॅन्सरवरची रोजची गोळी, ती ओळखायला मला आता चष्मा लागत नाही. तशीच उघड्या हाताने उचलली (ग्लोव्हज घालून तोडायची गोळी ती) आणि तिथेच खाली बसले.

कुठल्या दिवसाची? दिवसभर हेच डोक्यात. काही दिवस पूर्ण, काही दिवस अर्धी असा तक्ता लावलाय फ्रीजवर, रोजची टिक आहे, एक चौकोन रिकामा नाही. मग ही आली कुठून? तोडताना उडाली असेल आणि दुसरी तोडून दिली असेल. पण मग पाकीट लवकर संपायला हवं होतं, आणि मेंटेनन्समध्ये (आजार आटोक्यात आल्यावर लांबवर चालणाऱ्या ट्रीटमेंटमध्ये) डोस इतक्यांदा वरखाली झालाय की तो हिशोबही लागत नाही. की त्याने जिभेखाली धरून नंतर थुंकली? पण थुंकलेली गोळी अशी कोरडी, कडा शाबूत असते का? उलटीपालटी करून बघत बसले, तपासाला आलेल्या हवालदारासारखी.

तो ९५ टक्केवाला आकडा वाचलाच नसता तर बरं झालं असतं. शंभरातले पाचपेक्षा जास्त डोस चुकणाऱ्या मुलांमध्ये आजार उलटायचं प्रमाण जास्त दिसलं म्हणे. अर्धी गोळी म्हणजे किती टक्के हे काढत होते मी मोबाईलवर, केर तसाच.

नवरा म्हणाला, अर्धीच तर आहे. डॉक्टरांनीच सांगितलंय ना, एखादी चुकली तर दुसऱ्या दिवशी डबल द्यायची नाही, पुढे चालू ठेवायचं. बरोबर आहे, सगळं बरोबरच असतं याचं. पण ते ‘अर्धीच तर’ ऐकून असं काही आलं ना आतून! याला पाठ टेकली की झोप लागते. रोजची ही गोळी, आठवड्यातून एकदाच द्यायची मेथोट्रेक्सेट, स्टेरॉइडचे पाच दिवस, ताप १००.४ झाला की बॅग उचलून निघायचं, रात्रीचे तीन वाजले असले तरी, हे सगळं माझ्या एकटीच्या डोक्यात. वर सगळे म्हणतात किती खंबीर गं तू. खंबीर बाईला कोणी विचारत नाही जेवलीस का म्हणून. जाऊ दे.

संध्याकाळी विचारलंच लेकाला, आवाज शक्य तितका साधा ठेवून, ही कुणाची रे? ‘मला काय माहीत, तूच पाडली असशील.’ चेहऱ्यावरून कळेल असं वाटलं होतं, पण स्टेरॉइडने फुगलेल्या त्या गालांवरून काही म्हणजे काही कळत नाही. ताई, म्हणजे थोरली लेक, मधेच म्हणाली, मी नाही हं टाकली. तिला कुणी विचारलंही नव्हतं. तिचं हल्ली वेगळंच काहीतरी चाललंय. लिहीन कधीतरी.

मला नक्की हवंय काय? त्याने टाकली असं निघालं तर त्याला ओरडता येईल, मी पाडली असं निघालं तर स्वतःला. कोणीतरी सापडेल तरी. नुसतीच पडली आणि कशी ते कधी कळणार नाही, हेच सहन होत नाही. अगदी सुरुवातीलाही असंच, का झालं, कशाने झालं विचारत सुटले होते. डॉक्टर म्हणाले, बहुतेक मुलांमध्ये कारण सापडतच नाही, तुम्ही काही केलं किंवा नाही केलं म्हणून झालेलं नाही हे. बाकीच्यांना त्याने हायसं वाटलं. मला एखादं कारण चाललं असतं, अगदी माझं काही चुकलं असतं तरी.

आणि समजा टाकलीही असेल त्याने. रोज रात्री, इतके महिने, आणि एकदाही नको वाटू नये पोराला? मला भांडी रोज नको वाटतात.

तरी नियम केलाच. गोळी झाली की आ करायचा, जीभ वर, जीभ बाजूला. साहेबांनी मुकाट्याने सगळं केलं आणि बाबाकडे वळले, ‘तुझी बीपीची घेतलीस? आ कर.’ झालं! एवढा मोठा माणूस तोंड उघडून उभा, हा टॉर्च मारून आत बघतोय, जीभ अजून वर घे म्हणतोय, ताई वहीत टिक करतेय. अर्धीच तर म्हणणाऱ्याची चांगली जिरली. मी हसून हसून भिंतीला टेकले.

मंगळवारी सीबीसी, म्हणजे रक्ततपासणी. एएनसी (इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा) ५०० ते १५०० मध्ये हवा, त्याच्या वर गेला म्हणजे औषध कमी पडतंय, मग डोस वाढवायच्या आधी विचारतात, गोळ्या रोज जातायत ना? आत्तापर्यंत धडाधड हो म्हणायचे. आता म्हणेन, हो, एक अर्धी सोडून. ताईची परीक्षा पण मंगळवारीच आहे आणि कोण कुणाबरोबर जाणार ते अजून ठरलेलं नाही.