शत्रूची कुमक घरात घेताना

ट्रॅव्हियनसारख्या ऑनलाइन युद्धनीतीच्या खेळात ज्यांच्याशी महिनोन्‌महिने वैर केले, त्यांच्याशीच युती करण्याची वेळ एखाद्या सर्व्हरवर, म्हणजे खेळाच्या एखाद्या फेरीत, तरी येतेच, आणि ती आली की अलायन्समध्ये, म्हणजे खेळाडूंच्या गटात, दोन तट पडतात. ज्याने आपली गावे लुटली त्याला जवळ करणे ही नामुष्की आहे, असे एक तट म्हणतो. झाले गेले गंगेला मिळाले, असे दुसरा म्हणतो. मला दोन्ही म्हणणी पटत नाहीत. युती टिकवायची असेल तर जुने वैर नीट आठवणीत ठेवावे लागते, त्याचा हिशेब मांडावा लागतो आणि ज्यांचे नुकसान झाले त्यांच्यासमोर तो पुरा करावा लागतो, असे माझे मत झाले आहे.

हा खेळ ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ट्रॅव्हियन 2004 मध्ये जर्मनीत सुरू झाला आणि तो ब्राउझरमध्ये चालतो. रोमन, गॉल, ट्यूटन अशा जमातींपैकी एक घेऊन एका गावापासून सुरुवात करायची, शेते वाढवायची, सैन्य उभारायचे आणि एका अलायन्समध्ये जास्तीत जास्त 60 जणांनी एकत्र राहायचे. साधा सर्व्हर कित्येक महिने चालतो. शेवटी जो वर्ल्ड वंडर ही भव्य वास्तू सर्वांत आधी 100 व्या पातळीपर्यंत बांधतो, तो जिंकतो. आपण झोपलो तरी खेळ थांबत नाही, त्यामुळे पहाटे येऊन धडकणारा हल्ला आपल्याला सकाळी रिपोर्टमध्येच दिसतो.

आमचा अलायन्स बेळगाव, खानापूर आणि निपाणीकडच्या मराठी मुलांचा, तर समोरचा हुबळी-धारवाडकडच्या कन्नड मुलांचा. आमच्यातल्या बहुतेकांना कन्नड येते आणि त्यांच्यातल्या अनेकांना मराठी समजते, त्यामुळे शिव्या आणि तहाचे निरोप दोन्ही भाषांत सारख्याच सहजतेने गेले. वैराचे कारण भाषा हे नव्हतेच. पंधरा क्रॉपच्या, म्हणजे धान्याची पंधरा शेते असलेल्या, ज्या गावांवर मोठे सैन्य पोसता येते, ती गावे दोन्ही बाजूंना हवी होती. पुढे परदेशी खेळाडूंचा एक बलाढ्य गट नकाशाच्या आमच्या चतुर्थांशात पसरू लागला, तेव्हा आम्ही दोघेही वेगवेगळे राहिलो तर एकामागून एक संपणार हे उघड झाले. तह तिथून सुरू झाला.

जुन्या शत्रूबद्दल आपल्याला किती माहिती असते, याचा विचार फारसे कोणी करत नाही. त्याचा हॅमर, म्हणजे हल्ल्याचे मुख्य सैन्य, कोणत्या गावात असते हे आपण शोधून काढलेले असते. फेक, म्हणजे नुसते हुलकावणीचे, हल्ले पाठवताना तो कोणती चाल वापरतो, त्याचे लोक किती वाजता झोपतात, अडचणीत सापडलेल्या साथीदाराला तो डेफ, म्हणजे बचावाचे सैन्य, पाठवतो की वाऱ्यावर सोडतो, हे सगळे शेकडो रिपोर्ट वाचून आपल्याला पाठ झालेले असते. याउलट, कालपरवा इनबॉक्समध्ये येऊन भाऊ भाऊ करणाऱ्या अनोळखी अलायन्सबद्दल आपल्याला काहीच ठाऊक नसते. धारवाडच्या गटाने आमच्याशी लढताना आपला एकही लहान सदस्य एकटा पडू दिला नव्हता. तेव्हा त्याचा आम्हाला राग येत असे, पण तहाच्या वेळी त्यांच्या बाजूने सर्वांत मोठी साक्ष तीच ठरली.

तरीही नेत्यांनी एकमेकांना निरोप पाठवून करार केला म्हणजे युती झाली, असे होत नाही. खानापूर तालुक्यातला आमचा एक गॉल खेळाडू नकाशाच्या अगदी कडेला होता. समोरच्या एका ट्यूटनने त्याला अक्षरशः फार्म केले होते. सोटेवाल्यांच्या टोळ्या रोज येत आणि क्रॅनीत, म्हणजे गावातल्या लपवलेल्या कोठारात, मावेल तेवढे सोडून बाकी सगळे उचलून नेत. तहाची बातमी कळल्यावर त्याने मला एवढेच लिहिले, "दादा, तह तुम्ही केलात, पण माझ्या गावातलं धान्य कोणी नेलं?" हा प्रश्न रास्त होता. अशा युत्या मोडतात त्या बहुतेक वेळा अशाच सदस्यांमुळे, आणि दोष त्यांचा नसतो. त्यांना कोणी विचारलेलेच नसते. मग एखाद्या रात्री ते जुना हिशेब चुकता करण्यासाठी एक रेड, म्हणजे लुटीचा हल्ला, पाठवतात, समोरचा उलट पाठवतो आणि नेत्यांना जाग येईपर्यंत करार संपलेला असतो.

म्हणून त्या खेळाडूलाच अट घालायला सांगितली. ज्याने लुटले त्यानेच पहिली कुमक माझ्या गावात पाठवावी आणि तिच्यासाठी क्रॉपही त्यानेच पुरवावा, अशी अट त्याने घातली आणि समोरच्याने ती मान्य केली. गावातल्या सैन्याच्या हालचाली जिथे दिसतात तो रॅली पॉइंट उघडल्यावर कालपर्यंत हल्लेखोरांच्या यादीत दिसणारे गावाचे नाव आता कुमक म्हणून खाली दिसते, त्यापुढे भालाइतांची संख्या असते, आणि त्याच क्षणी गावाचा ताशी क्रॉप उणे होऊन लाल दिसू लागतो. ज्या गावात सैन्य उभे असते त्याच गावाचे धान्य ते खाते, आणि धान्य संपले तर ते उपासमारीने मरते. त्याने सैन्य परत बोलावले तर आपले गाव उघडे पडते, आणि आपण धान्य तोडले तर त्याचे सैन्य मरते. खेळाच्या रचनेतच बसवलेले हे परस्परांचे ओलीस मला कोणत्याही लेखी करारापेक्षा मोलाचे वाटते.

पुढची पायरी सिटरची होती. आपल्या गैरहजेरीत खाते सांभाळण्यासाठी दोघांना सिटर नेमता येते आणि त्यांना कोणते अधिकार द्यायचे तेही ठरवता येते. त्या गॉलच्या भागात, खानापूरजवळच्या जांबोटीकडे, पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क एकदमच जाते, हे तिकडच्या माणसाला सांगायला नको. त्या गॉलने आपला एक सिटर म्हणून त्या ट्यूटनलाच नेमले. सुरुवातीला सैन्य हलवण्याचा अधिकार दिला नाही, फक्त बांधकाम चालू ठेवण्याची मुभा दिली, आणि काही आठवड्यांनी उरलेले अधिकारही दिले. विश्वास असाच हप्त्याहप्त्याने द्यावा, पहिल्या दिवशी सगळा देऊ नये, असे मला वाटते.

एज ऑफ एम्पायर्स 2 या दुसऱ्या युद्धखेळात गट आधीच बांधलेले नसतील तर या गोष्टीची दुसरी बाजू दिसते. तिथे मैत्री एकतर्फी जाहीर करता येते. आपण समोरच्याला मित्र ठरवले आणि त्याने आपल्याला शत्रूच ठेवले, तर आपले धनुर्धारी त्याच्या घोडदळावर आपणहून बाण सोडत नाहीत, आणि त्याचे घोडदळ मात्र आपली माणसे कापून काढते. ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या खेळात तर हजारो खेळाडूंच्या आघाड्या अशा फिरल्या आहेत. 2013 मध्ये फाउंटनच्या युद्धात टेस्ट आणि गूनस्वॉर्म हे खेळाडूंचे दोन मोठे अलायन्स एकमेकांविरुद्ध लढले, त्यापूर्वी ते मित्र होते, आणि 2020 मध्ये गूनस्वॉर्मच्या इम्पीरियम या आघाडीवर चालून गेलेल्या मोठ्या आघाडीत टेस्ट पुन्हा होती. ते युद्ध वर्षभराहून अधिक चालले आणि ऑगस्ट 2021 मध्ये चालून गेलेल्या आघाडीने माघार घेतली.

आमच्या भागाला हे नवे नाही. विजापूरच्या अली आदिलशहाने आधी विजयनगरच्या रामरायाला सोबत घेऊन अहमदनगरच्या निजामशाहीवर स्वाऱ्या केल्या. पुढे त्याच निजामशहाच्या मुलीशी, चांदबिबीशी, त्याचे लग्न झाले. ज्या सोलापूरच्या किल्ल्यावरून दोन्ही घराणी भांडत होती तो या सोयरिकीत आदिलशहाकडे आला, आणि जानेवारी 1565 मध्ये तालिकोटच्या लढाईत ते दोघे मिळून रामरायाविरुद्ध उभे राहिले. वादाची जागाच तहाचे तारण झाली, हे मला यातले सर्वांत शिकण्यासारखे वाटते. त्यांचे पुढे पुन्हा बिनसले, कारण समोरचा मोठा शत्रू संपल्यावर काय करायचे हे ठरलेले नव्हते, असा माझा अंदाज आहे.

आमच्याकडेही तोच प्रश्न शेवटी आला. वंडर एकाच अलायन्सचे असते आणि जिंकणाऱ्यांत त्यांचेच नाव येते. त्यातच 50 व्या पातळीनंतर बांधकामाचा दुसरा आराखडा त्याच अलायन्समधल्या आणखी एका खेळाडूकडे असावा लागतो. एक आराखडा आमच्याकडे होता आणि एक त्यांच्याकडे, म्हणजे कोणाला तरी आपला ध्वज सोडून समोरच्यांत जावे लागणार होते. वंडर धारवाडच्या गटाचे राहील, आमचा आराखडेवाला त्यांच्या अलायन्समध्ये जाईल, आणि त्या बदल्यात वादातली पंधरा क्रॉपची गावे आमच्याकडे राहतील, असे ठरले. पुढच्या सर्व्हरवर वंडर आमचे असेल आणि त्यांचा माणूस आमच्याकडे येईल, हेही तेव्हाच लिहून घेतले. नातारांचे, म्हणजे खेळच चालवतो त्या जमातीचे, वंडरवर हल्ले सुरू झाल्यावर डेफ कोणी किती पाठवायचा याची यादी मात्र आम्ही नेत्यांनी केली नाही. ती त्या खानापूरच्या गॉलने आणि धारवाडच्या ट्यूटनने मिळून केली, आणि दोन्ही अलायन्सनी ती जशीच्या तशी पाळली.