शेजारणीचा टाळ

मुंबईतली वारी ती केवढीशी! लालबागहून निघायचं आणि भारतमाता, परळ, हिंदमाता, नायगाव करत वडाळ्याच्या विठोबापाशी पोचायचं. पाच-एक किलोमीटर. आळंदी-देहूहून अडीचशे किलोमीटर चालत जाणाऱ्यांना हसू येईल एवढंच अंतर. पण ज्याला पंढरपूर गाठता येत नाही त्याच्यासाठी वडाळा हेच प्रतिपंढरपूर. वडाळ्यात मिठागरं होती तेव्हापासून हा विठोबा इथे उभा आहे, असं जुनी माणसं सांगतात. आषाढीला शहराच्या कानाकोपऱ्यातून दिंड्या कात्रक रोडकडे वळतात आणि दर्शनाच्या रांगेचं शेपूट कुठे आहे ते शोधण्यातच अर्धा तास जातो.

आमची दिंडी चाळीच्या भजनी मंडळाची. मंडळ गिरणी कामगारांनी सुरू केलेलं. रात्रपाळी नसली की पखवाज बाहेर यायचा. १९८२च्या संपानंतर गिरण्या गेल्या, मग चाळींच्या जागी टॉवर आले, निम्मी बिऱ्हाडं विरार-बदलापूरला पांगली. तरी एकादशीला पहाटेची लोकल पकडून माणसं हजर होतात. २०२५ची आषाढी ६ जुलैला, रविवारी आली. म्हणून गर्दी जास्त, आणि मलाही बँकेत रजेचा अर्ज टाकावा लागला नाही.

मी गेले ती देवाला एक प्रश्न विचारायला.

आई गावी एकटी राहते. सिंधुदुर्गात, कुडाळच्या पलीकडे. आदल्या पावसाळ्यात ती मागच्या अंगणात घसरली, मनगट प्लास्टरमध्ये गेलं. तेव्हापासून आम्हा भावंडांत एकच विषय: आईला मुंबईला आणायचं की नाही. दादा डोंबिवलीला, मी परळला, दोघांचीही वन बीएचके. आई म्हणते, मी येणार नाही. दादा म्हणतो, तिला विचारायचंच कशाला, उचलून आणायची. मी कधी त्याच्या बाजूने, कधी तिच्या.

आम्ही कोकणातली माणसं, त्यामुळे हे प्रकरण ग्रामदेवतेसमोर जाणारच होतं. आमच्याकडे देवाला नुसतं विचारत नाहीत, कौल लावतात. गुरव पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घालतो, आजूबाजूचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात, आणि मग सगळे श्वास रोखून त्या पाकळ्यांकडे बघत बसतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. दादाने मे महिन्यात गावी जाऊन कौल लावला. डावी पडली. दादाचं म्हणणं, प्रश्नच चुकीचा विचारला गेला. दुसऱ्या दिवशी शब्द फिरवून पुन्हा लावला, तेव्हा उजवी पडली. आता कुठला कौल खरा, यावर आमचा आणखी एक वाद.

कौलाची मी चेष्टा करत नाही. लहानपणापासून त्या देवळातला तो ओल्या दगडाचा, धुपाचा वास मला ठाऊक आहे, आणि कौल मिळाल्यावर सुटकेचा श्वास टाकणारी माणसंही मी पाहिली आहेत. पण त्या वेळी माझ्या लक्षात आलं की आम्ही दोघं देवाकडे विचारायला जात नव्हतो, सही घ्यायला जात होतो. दादाने तर पुंडलिकालाही मध्ये ओढलं. देव दारात आला तरी पुंडलिकाने आईवडिलांची सेवा सोडली नाही, म्हणून आईला आपल्याकडे आणून सेवा करायची. मी म्हटलं, देवालासुद्धा विटेवर थांबायला लावलं, मग तू तिच्या मर्जीसाठी का थांबत नाहीस? एकाच गोष्टीतून दोघांना दोन आदेश मिळाले, आणि दोन्ही आपापल्या सोयीचे.

तर हे सगळं डोक्यात घेऊन मी सकाळी दिंडीत उभी राहिले. पुढे पताका, मग विणेकरी, दोन्ही बाजूंना टाळकरी, मधे पखवाज, मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका. वीणा दिंडी चालू असेतो खाली ठेवत नाहीत. एकाचा खांदा भरून आला की दुसरा पाया पडून ती आपल्या गळ्यात घेतो. भुरभुर पाऊस होता. भारतमातापाशी एक बेस्टची बस आमच्यामागे अडकली, आणि ड्रायव्हरने हॉर्न न वाजवता खिडकीतूनच हात जोडले. त्याच्यामागचा टॅक्सीवाला मात्र हॉर्नवरून हात काढेना. मुंबई आहे, चालायचंच.

परळच्या नाक्यावर आमच्या जुन्या मजल्यावरच्या मावशींनी माझ्या हातात टाळ दिले. मावशी घाटावरच्या, साताऱ्याकडच्या. नवरा गिरणीत होता. तो गेल्यापासून त्या दरवर्षी आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर चालायच्या. यंदा गुडघ्यांनी नाही म्हटलं, म्हणून वडाळा.

टाळ दिसतात तेवढे हलके नसतात. पितळेच्या जाड वाट्या, मधल्या भोकातून ओवलेली दोरी, ती बोटांना गुंडाळून धरायची. दहा मिनिटांत तर्जनीवर लाल वळ उठतो. वाजवायचे असतात ते एकमेकांवर आपटून नव्हे. काठाला काठ लागला पाहिजे आणि लगेच सुटला पाहिजे, नाहीतर नाद मरतो. मी जोरात वाजवत होते. 'ज्ञानोबा माउली तुकाराम' चालू होतं, पावली पडत होती आणि मला फार छान वाटत होतं.

मावशींनी थोडा वेळ ऐकलं आणि माझ्या मनगटावर हात ठेवला.

"पोरी, तुला तुझाच टाळ ऐकू येतोय का?"

"हो."

"मग जास्त वाजतोय. शेजारणीचा ऐकू आला पाहिजे. आपला आपल्याला ऐकू यायला लागला की समजायचं, आपण दिंडीतून सुटलो."

मी आवाज कमी केला. आधी काहीच कळेना, नुसता गलका. मग हळूहळू डावीकडच्या काकूंचा टाळ वेगळा ऐकू येऊ लागला, जरासा फुटका, मागून येणारा. त्यांच्यामागच्या मुलाचा खणखणीत. पखवाज तर आता कुठे पहिल्यांदा ऐकला, इतका वेळ तो वाजत असूनही. हिंदमाताच्या उताराला (दर पावसाळ्यात तुंबणारा, ज्याच्यासाठी पालिकेला जमिनीखाली टाक्या बांधाव्या लागल्या तोच) माझे टाळ कधी लयीत आले, ते मला कळलंही नाही.

नायगावात कुणीतरी केळी आणि राजगिऱ्याचे लाडू वाटत होतं. तिथे दिंडी थांबली. फुटपाथच्या कडेला पाय पसरून मावशींनी मला समाजआरतीचं सांगितलं. वारीविषयी मी पुष्कळ ऐकलंय, रिंगण, दिवेघाट, धावा. पण हे एवढं नीट कुणी सांगितलं नव्हतं.

माउलींची पालखी संध्याकाळी मुक्कामाच्या तळावर येते. सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोल करून उभ्या राहतात. हजारो टाळ एकाच वेळी चाललेले असतात, कानठळ्या बसतात. मग चोपदार हातातला चोप उंच धरतो आणि 'हो' असा लांब पुकारा करतो. क्षणात सगळं बंद. "टाचणी पडली तरी ऐकू येईल बघ," मावशी म्हणाल्या. मग कुणाचं काय हरवलं, काय सापडलं ते पुकारतात. कुणाचं घड्याळ, कुणाची पिशवी, कुणाचा म्हातारा. उद्या किती वाजता निघायचं ते सांगतात. मग आरती. आजच्या स्वरूपातला हा पालखी सोहळा सुरू करणारे हैबतबाबा आरफळकर हे पूर्वी शिंद्यांच्या पदरी होते आणि त्यांनी सोहळ्याला लष्करासारखी शिस्त लावली असं म्हणतात. ती शिस्त अशी दिसते.

"आणि एखाद्या दिंडीची तक्रार असली तर?" मावशींनीच विचारलं आणि त्याच सांगू लागल्या. तक्रार असेल ती दिंडी टाळ थांबवत नाही. चोप वर गेला, सगळा तळ गप्प झाला, तरी त्या एकाच दिंडीचे टाळ चालू राहतात. पाणी मिळालं नसेल, कुणी वाटेत अपमान केला असेल, जागा नीट नसेल. चोपदार आवाजाच्या दिशेने तिथे चालत जातो, काय झालं ते विचारतो आणि निवाडा होतो. मग ते टाळ थांबतात.

"म्हणजे बघ," त्या लाडवाचा कागद घडी करत म्हणाल्या, "बाकीचे गप्प झाले नाहीत तर तक्रारीचा टाळ कोणाला ऐकू येणार?"

एवढं बोलून त्या उठल्या आणि गुडघा चोळत पुन्हा पावलीत शिरल्या. याच्यापुढे उपदेश नाही, काही नाही. मला तर वाटतं, त्यांना आईच्या प्रकरणाचा पत्ताही नव्हता.

उरलेल्या वाटेत मी प्रश्न विचारायचा सोडून दिला. सोडला म्हणजे ठरवून नाही. टाळाकडे लक्ष द्यायचं तर दुसरं काही डोक्यात मावत नव्हतं. आणि कात्रक रोडला रांगेत उभी असताना, मुखदर्शनाची रांग घ्यावी की पायावर डोकं ठेवायची यावर मागे दोन बायकांची चर्चा चालू असताना, मला आईचं बोलणं आठवलं. मुंबईला येण्याबद्दलचं नाही. जूनपासून ती फोनवर रोज एकच सांगत होती, "पायऱ्यो बुळबुळीत झाल्यो हत गो." आणि मी रोज म्हणत होते, "म्हणून तर म्हणते, इकडे ये."

तिची तक्रार पायऱ्यांची होती. मागच्या अंगणातून विहिरीकडे जाणाऱ्या चार जांभ्या दगडाच्या पायऱ्या, पहिल्या पावसातच शेवाळ धरणाऱ्या. आम्ही दोघं महिनोन्‌महिने आमचे टाळ बडवत होतो.

आता यावर कुणी म्हणेल, यात देव कुठे आला, हे तर साधं डोकं चालवणं झालं. माझी त्याला हरकत नाही. तुकोबा म्हणतात, 'सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता.' मन साक्षीला ठेवायचं, बहुमताला नाही. अडचण एवढीच की माझं मन साक्षीदार कमी आणि वकील जास्त आहे. माझीच बाजू मांडतं आणि तिला देवाचा आवाज म्हणतं. म्हणून मी आता एवढं बघते: आतून आलेली सूचना माझ्या सोयीची आहे का? असेल तर मी तिच्यावर लगेच विश्वास ठेवत नाही. तिच्यात माझं काम वाढतंय, मला कुणाला तरी फोन करावा लागतोय, हट्ट सोडावा लागतोय, तर बहुधा ती माझी नसते. घड्याळात अकरा वाजून अकरा मिनिटं दिसली की देवाचा संकेत मिळाला, असे निरोप मलाही व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. ते सगळे 'तुमच्या मनासारखं होणार' एवढंच सांगतात. देव इतका आपल्या मनासारखा बोलत असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

ही सवय रोज जमते असं नाही. आमच्या शाखेत एक आजोबा पासबुक छापून घ्यायला येतात. नवी नोंद एकही नसते. पूर्वी मी ते यंत्रात घालून, कोरंच परत देऊन, 'पुढचे या' म्हणायची. मध्यंतरी एकदा काउंटरला गर्दी नव्हती, म्हणून विचारलं, "आजोबा, कशाची वाट बघताय?" त्यांच्या भावाकडून यायचे पैसे होते, आणि ते भलत्याच खात्यात जमा होत होते. अर्ज लिहायला पाच मिनिटं लागली. मग पुढच्या आठवड्यात महिनाअखेरीला रांग दारापर्यंत गेली आणि माझा टाळ पुन्हा सगळ्यांच्या वर वाजायला लागला.

विठोबापुढे माझा नंबर आला तेव्हा दोन सेकंद मिळाले असतील. पुजाऱ्याने 'चला, चला' म्हणत पुढे ढकललं. कमरेवर हात, तुळशीचे हार मानेपर्यंत. काही विचारायचं राहिलंच.

संध्याकाळी दादाला फोन केला. कौलाचा विषय काढला नाही, पुंडलिकाचाही नाही. पायऱ्यांचं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मग म्हणाला, "मलाही सांगत होती." शेजारच्या मुलाला सांगून आम्ही पायऱ्या ब्लीचिंग पावडर टाकून घासून घेतल्या, एका बाजूला लोखंडी पाइपचा कठडा लावला, खर्च अर्धा अर्धा. आईला मुंबईला आणायचं की नाही, हे अजून ठरलेलं नाही. दिवाळीला दोघं गावी जाणार आहोत, तेव्हा बसून बोलू. तिच्यासमोर, तिला विचारून.

सध्या फोनवर नवी तक्रार चालू आहे. कठड्याला निळा रंग कशाला दिला? तुळशीवृंदावनाला हिरवा आहे, कठडाही हिरवाच हवा होता. दादाने डबा आणायला सांगितलाय.