मागाच्या आवाजात टोनी ॲलन

सोमवार, रात्री

भाच्याचा मेसेज आला. "मामा, पथकाची प्रॅक्टिस सुरू झाली. तुमचं ते विचित्र म्युझिक असतंय की, त्यातलं काहीतरी पाठवा. पण बोअर नको."

पोरगा ताशा वाजवतो. हात चांगलाय, पण घाई फार. येतं तेवढं सगळं पहिल्या दोन आवर्तनांत दाखवून मोकळा होतो, पुढं करायला काही उरत नाही. त्याला नुसती नावं पाठवून भागणार नाही. क्रम बिघडला तर पहिल्याच रात्री "मामाला काहीतरी झालंय" म्हणून आईला सांगेल, आणि ताई मला फोन करेल.

बेळगावच्या उद्यमबागेतून, कामावरून घरी आलो की रोज एखादा अल्बम स्वतः परत ऐकायचा आणि इथं टिपून ठेवायचं, असं ठरवलंय. जॅझ, फंक, आफ्रोबीट, सायकेडेलिक रॉक ही खाती कंपन्यांनी आणि दुकानदारांनी पाडली. माझी चाळणी वेगळी आहे. बराच वेळ एका जागी थांबायची हिंमत ज्यांच्यात आहे, ते घ्यायचे. मोठा आवाज आणि चित्रविचित्र कपडे याला लोक साहस म्हणतात. मला विचाराल तर एकच सूर धरून दहा मिनिटं उभं राहणं जास्त जोखमीचं. विलंबित ऐकत वाढलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही.

मंगळवार

सुरुवात आफ्रोबीटवाल्या फेला कुटीपासूनच. दुसरा कोणी नकोच. ‘झॉम्बी’, १९७६. नायजेरियातलं लागोस शहर, लष्कराची राजवट, आणि हा माणूस सैनिकांना चालती-बोलती प्रेतं म्हणतोय: थांब म्हटलं की थांबतात, मार म्हटलं की मारतात. शीर्षकगीत बारा मिनिटांच्या वर. आपण मुखड्याची वाट बघत बसतो आणि मुखडा येतच नाही. आधी गिटार, मग ब्रास म्हणजे पितळी फुंकवाद्यं, मग फेलाचा सॅक्सोफोन. कितीतरी वेळानं तो तोंड उघडतो. त्याचं इंग्रजी लागोसच्या बाजारातलं, मोडकं-तोडकं, मुद्दाम तसं ठेवलेलं. म्हणजे फळी लावून बसलेल्या बाईलाही कळावं.

या गाण्याची किंमत त्यानं मोजली. १९७७ च्या फेब्रुवारीत सुमारे हजार सैनिक त्याच्या घरावर चालून गेले. घर जाळलं. त्याच्या आईला खिडकीतून खाली फेकलं, आणि पुढच्या वर्षी ती गेली. ही आई म्हणजे फुनमिलायो रॅन्सम-कुटी. चाळिशीच्या दशकात बायकांवरच्या कराविरुद्ध तिनं अख्ख्या अबेओकुटा शहरात रान उठवलं होतं. भाच्याला हे सांगायचं, पण ऐकून झाल्यावर. आधी सांगितलं की पोरं गाणं आदरानं ऐकतात, आणि आदरानं ऐकलं की पाय हलत नाही.

त्याला सांगायचं: गायकाकडं लक्ष देऊ नको, ड्रमरला धर. टोनी ॲलन.

आमच्या वडगावात खिडकी उघडी असली की शेजारच्या शेडमधले माग ऐकू येतात. चार माग आहेत, आणि कुठलेही दोन अगदी एका वेगानं चालत नाहीत. धोटे आपापल्या हिशोबानं आपटत असतात, मध्येच एकदा चारही एकदम आपटतात, आणि लगेच पांगतात. टोनी ॲलनचे दोन हात आणि दोन पाय मला तसे ऐकू येतात. फरक एवढाच की मागांची गाठ अपघातानं पडते आणि याची ठरवून. चारी अवयव चार गोष्टी बोलतात, पण कोणी कोणावर ओरडत नाही. किती हळू वाजवतो हा माणूस! ताशावाल्यानं ही एवढी एक गोष्ट उचलली तरी माझा मेसेज वसूल.

बुधवार

पाऊस. साडेआठला लाईट गेली, माग थांबले, मोबाईलला बारा टक्के. आज काही नाही.

गुरुवार

हर्बी हॅनकॉकचा ‘हेड हंटर्स’, १९७३. मागं जॅझमधला ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस, त्याच्या पंचकात पियानोवर होता तोच. इथं त्यानं ‘कॅमेलिअन’च्या सुरुवातीची ती लठ्ठ बास लाइन सिंथेसायझरवर वाजवलीय. पंधरा मिनिटांच्या वरचं गाणं. एकदा डोक्यात बसली की दुसऱ्या दिवशी लेथसमोर उभं राहिलो तरी तीच चालू.

फंक कळायला पहिली मात्रा कळली पाहिजे. फंकचा उस्ताद जेम्स ब्राउन आपल्या वादकांच्या मागं त्यासाठीच लागायचा: मधे काय हवं ते करा, पहिल्या मात्रेला सगळे एकत्र या. समेवर येणं म्हणजे काय हे ज्याला लहानपणी भजनात टाळ कुटतानाच कळलंय, त्याला फंकचं शिक्षण वेगळं कशाला? आपल्याकडं सम गाठली की मान हलते. त्यांच्याकडं कंबर हलते. बाकी हिशोब तोच.

याच अल्बममध्ये ‘वॉटरमेलन मॅन’ आहे. हॅनकॉकचं १९६२ चं जुनं गाणं, इथं ओळखू न येण्याइतकं बदललेलं. सुरुवातीला बिल समर्स बिअरच्या बाटलीत फुंकतो: एक सूर बाटलीचा, पुढचा गळ्यातला, परत बाटलीचा. मध्य आफ्रिकेतल्या जंगलातले लोक एकसुरी शिट्टी घेऊन असंच गातात, तिथून उचललंय. मी आज सोड्याच्या रिकाम्या बाटलीत करून बघितलं. बायको आतून: "काय करायलासा हो?" अर्ध्या मिनिटात दम लागतो, एवढं कळलं.

शुक्रवार

आज दोन ऐकले, दोन्ही १९७१ चे.

फंकाडेलिकचा ‘मॅगॉट ब्रेन’. पहिलंच गाणं दहा मिनिटांचं, आणि त्यात जवळपास नुसती गिटार. बँडचा म्होरक्या जॉर्ज क्लिंटननं गिटारवाल्या एडी हेझलला सांगितलं म्हणे, की आई गेल्याची बातमी आत्ताच आलीय असं समजून वाजव. पुढं मिक्स करताना क्लिंटननं बाकीच्यांचे आवाज जवळजवळ खाली पाडून टाकले, एवढं ते एकट्याचं झालं होतं. मागं त्याच त्या सुरावटी फिरत राहतात आणि हा वर रडतोय. अल्बमचं पुढचं मात्र पार वेगळं आहे, दंगा, विनोद, शेवटी तर नुसता गोंधळ. मला पहिलंच पुरतं. भाच्याला तेवढंच पाठवणार.

दुसरा ‘टागो मागो’, जर्मनीतल्या कॅन या बँडचा. यांच्यातले दोघे स्टॉकहाउझेन या प्रयोगशील संगीतकाराकडं शिकलेले, ड्रमर याकी लीबेत्साइट फ्री जॅझमधून, म्हणजे कसलंच बंधन न मानणाऱ्या जॅझमधून, पळून आलेला, आणि गायक दामो सुझुकी म्युनिकच्या रस्त्यावर गाताना सापडलेला जपानी पोरगा. सापडला त्याच रात्री त्याला स्टेजवर उभं केलं. ‘हालेलुवा’ अठरा मिनिटं, आणि ड्रमचा साचा जवळपास सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच. हा मनुष्य थकत नाही आणि नवीन काही दाखवतही नाही. टोनी ॲलननंतर हे ऐकवायचं. तिथं सगळं पसरलेलं, इथं सगळं एका खिळ्यावर ठोकलेलं.

पण या अल्बमच्या दुसऱ्या तबकडीपासून सांभाळून. ‘औम्न’ नावाचा सतरा मिनिटांचा प्रकार आहे त्यात, अंधाऱ्या खोलीत कोणीतरी ओंकाराची थट्टा करतंय असं वाटतं. मला तो कधीच आवडला नाही. मोठमोठे जाणकार त्यावर भरभरून लिहितात, लिहोत.

शनिवार

सकाळी भाच्याचा फोन. फेला ऐकला. "मामा, गाणं सुरू व्हायलाच किती वेळ? पण ते चांगलंय." मग जरा थांबून: "आमच्या पथकात असं हळू वाजवलं तर लोक शिव्या घालतील." घालतील, खरंय. विसर्जनाला बेळगावात रात्रभर वाजवायचं म्हणजे वेगळं गणित. पण रात्रभर टिकायचं तर हळू वाजवता आलंच पाहिजे, हे मी बोललो नाही. त्याचे पथकप्रमुख सांगतील.

माइल्सचं काय करायचं हा प्रश्न होता. सगळे ‘बिचेस ब्रू’ सांगतात. ऑगस्ट १९६९, न्यू यॉर्कच्या स्टुडिओत तीन दिवस वादक आणि टेप दोन्ही चालू, नंतर निर्माता टिओ मॅसेरोनं ब्लेड घेऊन टेपचे तुकडे कापले आणि पुन्हा जोडले. थोर अल्बम आहे, पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याला नुसता धूर दिसतो. मी भाच्याला १९७२ चा ‘ऑन द कॉर्नर’ देणार. त्यात तबला आहे, बादल रॉय यांचा. हे गृहस्थ आताच्या बांगलादेशातले. न्यू यॉर्कच्या एका भारतीय हॉटेलात तबला वाजवायचे, तिथं गिटारवाला जॉन मॅकलॉक्लिन त्यांच्याबरोबर बसायला लागला, आणि तिथून ते माइल्सपर्यंत पोचले. जॅझच्या समीक्षकांनी या अल्बमला तेव्हा अक्षरशः झोडपलं. सूर बदलत नाहीत, सोलो कुठं सुरू होतो कळत नाही, हे काय चाललंय! कुणीतरी मागं म्हटलं होतं, की तो ऐकणं म्हणजे गर्दीच्या दिवशी खडेबाजारात शिरणं. मला तसं वाटत नाही. बाजारात माणसं वाट शोधत असतात. इथं कोणालाच बाहेर पडायचं नाही.

झांबियाचं एक राहिलं, घाईत लिहितो. विच नावाचा बँड. नावातल्या अक्षरांचा अर्थ "धुमाकूळ घालायचा आमचा इरादा". ‘लेझी बोन्स’, १९७५. तांब्याच्या खाणींच्या मुलखातली पोरं, सरकारचा हुकूम की रेडिओवर बहुतेक सगळं संगीत देशीच वाजलं पाहिजे, आणि त्यांनी देशी म्हणून काय केलं तर फझ गिटार, मुद्दाम फाटक्या आवाजाची. गायकाचं टोपणनाव जगारी, रोलिंग स्टोन्सच्या मिक जॅगरवरून. पुढं कितीतरी वर्षांनी तो रत्नं खणायला लागला. आवाज सगळा खरखरीत, भट्टीतून नुकत्या निघालेल्या, घासायच्या राहिलेल्या कास्टिंगसारखा. मला तो तसाच आवडतो.

रविवार

आज सुट्टी. आज निवांत ऐकायचं ते काढलं.

ॲलिस कोल्ट्रेनचा ‘जर्नी इन सच्चिदानंद’, १९७१. पहिल्याच क्षणी तानपुरा. त्यावर सेसिल मॅकबीची बास, एकच ओळ, परत परत. मग हार्प, आणि फॅरो सँडर्सचा सोप्रानो सॅक्सोफोन. तिचा नवरा, सॅक्सोफोनवाला जॉन कोल्ट्रेन, जाऊन तेव्हा चार वर्षंही झाली नव्हती. फॅरो सँडर्स दुसरीकडं ऐकावा तर कानठळ्या बसवतो. इथं तो अगदी बेतानं आलाय.

आणि मग डॉन चेरीचा ‘ब्राऊन राइस’, १९७५. चेरी ट्रम्पेटवाला. पंडित प्राणनाथांकडं तो शिकायला बसला होता. प्राणनाथ म्हणजे किराणा घराणं, अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य. वहीद खाँ आणि अब्दुल करीम खाँ दोघेही कैरानाचे, एकाच गोतातले. करीम खाँसाहेब मिरजेला येऊन राहिले, त्यांचे शिष्य सवाई गंधर्व कुंदगोळचे, त्यांच्याकडं गंगूबाई आणि भीमसेनजी. मिरज, बेळगाव, धारवाड, हुबळी: आपली रोजची रेल्वेलाइनच आहे ही. त्या घराण्याची एक फांदी अमेरिकेतल्या ट्रम्पेटवाल्यापर्यंत गेली, आणि त्यानं अल्बममधल्या एका तुकड्याला नाव ठेवलं ‘मालकंस’.

तानपुरा लागतो, त्यावर चार्ली हेडनची बास एकटीच बराच वेळ बोलत राहते, आलापच म्हणा. मग बिली हिगिन्सचे ड्रम्स आणि ट्रम्पेट. शास्त्र लावून मालकंस तपासायला बसाल तर चार ठिकाणी नाक मुरडाल. बाबा होते तर मुरडलंच असतं त्यांनी. पण कुमार गंधर्व जवळच्याच सुळेभावीचे, आणि त्यांनी माळव्यात जाऊन जे केलं त्यालाही नाकं मुरडणारे होतेच की.

संध्याकाळी भाचा घरी आला. त्याला सगळं न सांगता नुसता ‘मालकंस’ लावला. पहिली काही मिनिटं मोबाईल बघत होता. ड्रम्स आले तशी मान वर केली.

"हा कोण वाजवायलाय?"

बिली हिगिन्स. आणि बास चार्ली हेडन, ट्रम्पेट डॉन चेरी. हे तिघंही १९५९ मध्ये सॅक्सोफोनवाल्या ऑर्नेट कोलमनच्या चौकडीत होते, ‘द शेप ऑफ जॅझ टु कम’ या अल्बमवर. त्यात पियानो नाही, त्यामुळं कोणी कुठल्या सुरावर थांबायचं हे सांगणारंही कोणी नाही. माझी आठवडाभराची चाळणी तिथं बाद होते. तिथं कुणी एका जागी उभं राहायला तयारच नाही. पोराच्या घाईला ते खरं तर आधीच आवडलं असतं. लिंक पाठवली आहे.